वुनिदिलोच्या फेऱ्या

१७ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून प्रसूती विभाग सुटला. इतकी वर्षं लोकांची बाळं हातात घेतली, आता हातात एक फोन आणि एक खडखडणारी गाडी आली आहे. एचआयव्हीच्या पेशंटांवर लक्ष ठेवायचं, कुणाचं औषध सुटू द्यायचं नाही, कुणी यायचं बंद झालं तर शोधून काढायचं. नवीन कुणी सापडलं तर त्याला लागण कुठून झाली, त्याच्याकडून आणखी कुणाला झाली असेल, हे हळूच काढत जायचं. ‘हळूच’ हा शब्द डॉक्टर लुसियानांचा.

मी म्हटलं, मला दारं ठोठावायची सवय नाही. त्या म्हणाल्या, “शालेश्नी, कळा सोसणाऱ्या बाईकडून तू खरी तारीख आणि खरा बाप, दोन्ही काढून घेतेस. तुला जमेल.”

या वहीत मी माणसांची आणि गावांची नावं बदलून लिहिणार आहे. माझं बदलत नाही, माझं कोण वाचतंय.

घरी अम्माला सांगितलं की शुगर-प्रेशरवाल्यांचं काम मिळालं. तिने मला नीट न्याहाळलं. “शुगरवाल्यांकडे दवाखान्याची पाटी नसलेल्या गाडीतून जातात होय?” मी विचारलं, गाडी तुला कुणी दाखवली? ती म्हणाली, “कुणी नाही. जेव.”

२० फेब्रुवारी, गुरुवार

माझ्या जोडीला विलिकेसा आहे. गाडी तोच चालवतो आणि बोटही. पन्नाशी उलटलेला, आडवातिडवा माणूस. हसला की खांद्यांपासून हलतो. त्याला स्वतःला हा आजार आहे आणि तो ते कुणापासून लपवत नाही. “लपायला जागाच नाही सिस्टर, मी फार रुंद आहे.”

पहिलं काम आलं. मेरेवालेसी. मला ती पोर आठवते. विशीतली, तपासणीला यायची तेव्हा कानामागे फूल खोवलेलं असायचं. गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत तिला लागण असल्याचं कळलं. एक महिन्याचं औषध घेऊन गेली आणि नंतर आलीच नाही. फोन बंद. नवरा सेफानाया राजधानीत, सुवाला, गोदीत कामाला, म्हणून ती सासूकडे राहायला गेली आहे, वुनिदिलोला.

एप्रिलच्या शेवटी बाळंत होईल. औषध चालू राहिलं तर बाळ जवळजवळ नक्कीच सुखरूप सुटतं. बंद पडलं तर मात्र सांगता येत नाही. इथे सगळा प्रश्न एका रोजच्या गोळीचा आहे, आणि ती गोळी आमच्या कपाटात पडून आहे.

घरच्यांना काही माहीत नाही, असं तिने तेव्हा सांगितलं होतं. म्हणजे मलाही काही माहीत नाही, असं वागत तिच्यापर्यंत पोचायचं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

वुनिदिलोला जाऊन आलो. रस्ता जिथे संपतो तिथून पुढे बोट. निमित्त ठरवलं होतं: पोरांची वजनं आणि म्हाताऱ्यांचं प्रेशर.

आधी गावप्रमुखापुढे यांगोनाच्या मुळ्यांची जुडी ठेवून गावात शिरायची परवानगी मागितली; या मुळ्या कुटून इथे पाहुण्यांसाठी पेय करतात. गावप्रमुख सामिसोनी आणि विलिकेसा नात्याने मेव्हणे लागतात. त्यामुळे एकमेकांना वाट्टेल ते बोलायची दोघांना मुभा आहे.

“मला वाटलं देवमासा किनाऱ्याला लागला,” सामिसोनी म्हणाला.

“मग खूश हो की, मेव्हण्या.”

“देवमासा आला की गाव जेवतं. तू आलास की गावाचं जेवण संपतं.”

यांगोनाच्या वाट्या फिरल्या, रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजल्या, आणि मग आम्हाला मेरेच्या सासूच्या घरात चटईवर जागा मिळाली. सासूचं नाव तराइविनी. सगळं गाव तिला बुबू म्हणतं, म्हणजे आजी. उंच, ताठ, चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख. मेरे भिंतीशी बसली होती आणि बुबू तिच्या नि माझ्या मधोमध, दारात आडवा ओंडका टाकावा तशी.

मी मेरेला विचारलं, “पाय सुजतात का?”

“नाही,” बुबू म्हणाली.

“झोप लागते?”

“लागते.”

“बाळ हलतं का?”

“हलतं.”

मी म्हटलं, “बुबू, बाळ तुमच्या पोटात आहे का?” आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. बुबू हसली नाही. “माझ्या घरात आहे,” म्हणाली.

मग तिने स्वतःचा दंड पुढे केला. प्रेशर एखाद्या मुलीसारखं. तरी हिचे प्रश्न संपेनात. “दमट हवेत गोळ्या खराब होतात का?”

“कसल्या गोळ्या?”

“कसल्याही. प्रेशरच्या.”

“तुम्हाला प्रेशर नाही.”

“पुढे होईल.”

संध्याकाळच्या प्रार्थनेचा ढोल वाजला तशी तिने सुनेला हाक मारली, “चल, आधी खाऊन घे,” आणि दोघी मागच्या स्वयंपाकघरात गेल्या. दार लावून घेतलं. पोरीला घटकाभर मोकळी सोडत नाही. अशा सासवा मी प्रसूती विभागात पुष्कळ पाहिल्या आहेत.

निघताना मात्र आम्हाला कोंबडी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. त्याचं मला उगीच ओझं झालं.

६ मार्च, गुरुवार

घाटापलीकडच्या लबासाच्या दवाखान्यातून डॉक्टर लुसियानांना निरोप आला. तिकडे एक नवी बाई सापडली आहे, गरोदर. नाव अकोसिता, वय सव्वीस सांगितलं. राहते किनाऱ्याला, पण गावाचं नाव दिलं ते कुणाच्या ऐकण्यात नाही. गंमत अशी की बाई नवीन, पण तिच्या रक्तात विषाणू यंत्राला जवळजवळ सापडतच नाही. म्हणजे आधीपासून औषध घेत असली पाहिजे. कुठून? कदाचित सुवाहून आली असेल. नवऱ्याचं नाव सांगत नाही. सोबत कुणी थोराड नातेवाईक होती, बहुतेक उत्तरं तिनेच दिली म्हणे.

प्रत्येक घरात एक बुबू असतेच.

आता या अकोसितालाही मीच शोधायचं, कारण किनारा माझ्याकडे आहे. एक हरवलेली बाई होती, आता दोन झाल्या.

१३ मार्च, गुरुवार

पुन्हा वुनिदिलो. यावेळी विलिकेसाने युक्ती केली. सामिसोनीच्या बोटीचं इंजिन बिघडलंय की नाही यावर त्याने असा वाद उकरून काढला की अर्धं गाव निवाडा करायला किनाऱ्यावर गेलं. बुबूलाही जावं लागलं, तिच्या शब्दाशिवाय तिथे वाद मिटत नाही.

मेरे आणि मी, दोघीच. मी वेळ दवडला नाही.

“मेरे, गोळ्या?”

“घेते मी, सिस्टर.”

“कुठून घेतेस? तू तर आलीच नाहीस.”

तिने दाराकडे पाहिलं. “घेते,” एवढंच पुन्हा म्हणाली. मान खाली.

माझा विश्वास बसला नाही. खोटं बोलणारी पोरं मी ओळखते, आणि घाबरलेलीही. ही घाबरलेली होती. मी बाळाच्या लंगोटांच्या गठ्ठ्यात लपवून आणलेली बाटली तिच्या हातात दिली. पोट भरलेलं असताना यजमान वाढायला आला की आपण ताट पुढे करतो ना, तशी तिने ती घेतली. “थँक्यू सिस्टर. उगाच त्रास घेतला.”

बुबू परत आली. तिच्या नव्या शंका: गोळी घेतल्यावर उलटी झाली तर परत घ्यायची की नाही? रोज एकाच वेळी घ्यावी लागते म्हणतात, मग प्रार्थनेच्या ढोलाबरोबर घेतली तर चालेल का? ढोल वाजवणारा म्हातारा कधी कधी उशीर करतो.

मी म्हटलं, “बुबू, प्रेशरचं एवढं मनावर घेऊ नका. त्यानेच प्रेशर वाढतं.” पण उत्तरं सगळी नीट दिली. ती ओठ हलवत ऐकत होती, बायबलमधलं वचन पाठ करावं तशी. पुन्हा कोंबडी.

१४ मार्च, शुक्रवार

काल येताना बोटीत विलिकेसाशी वाजलं. मी म्हणाले, त्या म्हातारीला एकदा खडसावायला हवं, सून आहे की कैदी?

“सिस्टर, तिच्याशी भांडू नका.”

“का?”

“अंडी पोटाखाली घेतलेली खेकडी पाहिलीय ना तुम्ही? तिला काडीने ढोसलं तर काय होतं? नांगीच दाखवते. तेवढ्यावरून ती वाईट म्हणायची?”

मी म्हटलं, मला खेकड्यांचं सांगू नका, मला एप्रिल दिसतोय.

तो म्हणाला, “मलाही.”

२२ मार्च, शनिवार

सुवाच्या सहकाऱ्याचा फोन. सेफानाया सापडला. गोदीतल्या दोस्तांबरोबर नशेच्या सुया वाटून घ्यायचा. त्याने तपासणी करून घेतली. लागण आहे, औषध सुरू केलं. दोस्तांपैकी दोघांची नावंही दिली, ते आता सुवाचे लोक बघतील. मला वाटलं होतं त्याला शोधायला महिने लागतील. पण तो आपल्या पायांनी दवाखान्यात आला. आईचा फोन आला होता म्हणे: “तपासून घेतल्याशिवाय माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. आणि घेतलंस तर यायला उशीर करू नकोस.”

म्हातारीला मुलाच्या नशेचा सुगावा लागलेला दिसतो. पोरगा वाया गेल्याचा राग सुनेवर काढत असेल का? मला मेरेची काळजी वाटते.

२ एप्रिल, बुधवार

पावसाने रस्ता दोन ठिकाणी खचला. वुनिदिलोची फेरी रद्द. अकोसिताचाही पत्ता नाही. किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांत गरोदर बायका पाहिल्या, ती कुणीच नाही.

अम्माने आलं आणि लिंबू घालून वड्या केल्या आहेत, डबाभर. “तुझ्या त्या मुलींना दे. सुरुवातीला त्या गोळ्यांनी मळमळतं.” मी म्हटलं, शुगरच्या गोळ्यांनी इतकं नाही मळमळत. “बरं,” म्हणाली, आणि झाकण घट्ट लावलं.

९ एप्रिल, बुधवार

आज जे झालं ते लिहायचं मनात नव्हतं.

वुनिदिलोला पोचलो तर मेरे घरात नाही. “लबासाला गेली,” बुबू म्हणाली. “आत्तेबहिणीचं लग्न आहे.”

“नववा महिना चालू असताना? त्या घाटातून, बसने?”

“पोरगी धडधाकट आहे.”

“बुबू, तिला काही झालं तर?”

“काय होणार तिला? मी आहे ना.”

“तुम्ही आहात म्हणूनच तर!” माझा आवाज चढला. “तुम्ही तिला एक शब्द बोलू देत नाही. तिला काय हवंय, काय होतंय, तुम्हाला काय माहीत?”

बुबू उभी राहिली. बसलेल्या माणसापेक्षा उंच होणं आमच्याकडे किती वाईट दिसतं ते तिला ठाऊक नाही असं नाही. “मला काय माहीत? पोरी, मला काय माहीत ते तू—” आणि तिने तोंड घट्ट मिटलं.

माझ्या जिभेवर आलं होतं, तुमच्या सुनेला काय झालंय ते तरी माहीत आहे का? अगदी दातांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं. आम्ही दोघी समोरासमोर तशाच राहिलो, दोघींचे जबडे आवळलेले. शेवटी विलिकेसाच म्हणाला, “बुबू, आज कोंबडी नाही का?”

“आहे,” ती म्हणाली. “तुला आहे.”

मला जेवण मिळालं नाही असं नाही. पण वाढलं शेजारणीने.

१० एप्रिल, गुरुवार

जे मी गिळलं ते बाहेर पडलं असतं तर? या कामात एकच नियम आहे: ज्याचं गुपित त्याचंच. रागाच्या एका क्षणात मी मेरेचं घर मोडलं असतं. डॉक्टर लुसियानांना सगळं सांगून टाकलं आणि म्हटलं, मला परत बाळंतिणींकडे पाठवा. त्या म्हणाल्या, “बोललीस का?” नाही. “मग कामाला लाग.”

त्यांना सोपं वाटतं.

२४ एप्रिल, गुरुवार

मेरे बाळंत झाली. मुलगी. मध्येच थांबून पुन्हा पुन्हा हे वाक्य वाचते आहे.

दुपारी प्रसूती विभागातून बोलावणं आलं, माणसं कमी होती. जाऊन बघते तर मेरे खाटेवर आणि बुबू तिचा हात धरून उभी. बोटीने, मग मालवाहू ट्रकच्या मागच्या फळीवर बसून आल्या होत्या. बुबूचा सुलू, कमरेला गुंडाळलेलं वस्त्र, चिखलाने माखलेला. मला पाहताच तिने मेरेचा हात सोडला, माझं मनगट पकडलं आणि मला ओढत चादरींच्या खोलीत नेलं. दार पाठीने लावलं.

“ऐक,” म्हणाली. “आता जे सांगते ते तुझ्या पोटात राहिलं पाहिजे. राहील?”

“राहील.”

“माझ्या सुनेला तो रक्ताचा आजार आहे. औषध रोज चालू आहे, ढोल वाजला की माझ्या हाताने देते. बाळ आलं की त्याला लगेच द्यायचं सिरप असतं, लबासाच्या बाईने सांगितलंय. तुमच्यातल्या कुणाला तरी हे कळायला हवं, पण सगळ्यांना नको. बोल, कुणाला सांगू?”

लबासा. थोराड नातेवाईक. बहुतेक उत्तरं तिनेच दिली म्हणे. माझ्या दोन हरवलेल्या बाया पलीकडच्या खोलीत एकाच खाटेवर कळा देत होत्या.

“बुबू,” मी म्हटलं, “मी त्याचसाठी येत होते.”

“कशासाठी?”

“त्याचसाठी. पहिल्या दिवसापासून.”

तिला समजायला थोडा वेळ लागला. “ती पोरांची वजनं?”

“निमित्त.”

“माझं प्रेशर?”

“तेही.”

“आणि मी तुझ्यासाठी तीन-तीन कोंबड्या कापल्या!” तिने माझ्या दंडावर चापट मारली, चांगली सणसणीत. मग चादरींच्या ढिगाला टेकली आणि तोंडात एका चादरीचं टोक कोंबून हसू लागली. हसता हसता रडायला लागली. मीही.

तिने भराभर सांगितलं. तांदळाच्या डब्यात तिला गोळ्यांची बाटली सापडली होती. बाटलीवरचं नाव मेरेने खरवडून काढलं होतं. “सर्दी-तापाच्या गोळ्यांवरचं नाव कोण खरवडतं? तेव्हाच समजले.” मेरे तिच्या पाया पडायला गेली तर हिने विचारलं, आज घेतलीस का? बस, तेवढंच.

“मग आमच्याकडे का नाही आलात?”

“तुमच्या दवाखान्याचं ते बाकडं कुठे आहे? बस स्टँडच्या समोर. मार्केटला येणारी सगळी बाई-माणसं त्या बाकड्यावर कोण बसलंय ते बघूनच पुढे जातात. लबासात आम्हाला कोण ओळखतं? तिथे आजीच्या नावाने नाव लिहिलं. खोटं नाव दिलं हे कळलं तर औषध बंद करतील म्हणून पोरीला शपथ घातली, कुणापाशी बोलायचं नाही. तुझ्यापाशी तर मुळीच नाही. तू फार प्रश्न विचारायचीस.”

म्हणजे मेरे मला खरंच सांगत होती. घेते मी, सिस्टर.

बाळ आलं तेव्हा सिरप तयार होतं. डॉक्टर लुसियाना स्वतः आल्या होत्या. ड्रॉपरने पहिला थेंब मी दिला. पोरीने तोंड असं वाकडं केलं की मेरेलाही हसू आलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

सकाळी मेरेची माफी मागितली. मी बुबूपाशी ‘त्याचसाठी येत होते’ असं बोलून गेले ते तिला न विचारता. बुबूने आधी सांगितलं होतं हे खरं, तरी ते बोलायचा हक्क मेरेचा होता. आणि तिच्यावर मी विश्वास ठेवला नाही, तेही सांगितलं. ती म्हणाली, “सिस्टर, तुम्ही दोघी माझ्यासाठी भांडत होता. माझ्यासाठी आजवर कुणी भांडलं नव्हतं.” मग लाजत म्हणाली, “लंगोटातली बाटली तशीच आहे. परत देऊ का?”

डॉक्टर लुसियानांनी लबासाला फोन करून सांगितलं की अकोसिता आणि मेरेवालेसी एकच. आमच्या आकड्यातून एक आजारी बाई कमी झाली. या वर्षी आकडा खाली गेलेला मी पहिल्यांदाच पाहिला. तसा तो खरा खाली गेलेला नाही हे मला कळतं. तरी दिवसभर बरं वाटत होतं.

बाकडं मागच्या बाजूला, लिंबाच्या झाडाखाली हलवलं. विलिकेसाने एकट्याने उचललं.

१२ जून, गुरुवार

बाळाच्या पहिल्या तपासणीचा निकाल आला. लागण नाही.

पुढच्या तपासण्या अजून व्हायच्या आहेत, शेवटचा निकाल बाळ दीड वर्षाचं झाल्यावर. हे सगळं मेरेला नीट समजावलं. ती ऐकत होती, पण ‘नाही’ या शब्दापुढचं तिच्या कानात किती शिरलं कोण जाणे. सेफानायाही आला होता, मागच्या आठवड्यातच सुवाच्या जहाजातून उतरलेला. वाळलाय. त्याच्याबद्दल माझ्या मनात अढी होती, अजूनही थोडी आहे. तो बाळाला खांद्यावर घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, बराच वेळ.

बाहेर लिंबाखाली बुबू बसली होती. मी मेरेकडे पाहिलं. मेरे म्हणाली, “तुम्हीच सांगा तिला. मला सांगता येणार नाही, मी रडेन.”

मी सांगितलं. बुबूने डोळे मिटले, ओठ हलले, ‘आमेन’ ऐकू आलं. मग एकदम डोळे उघडून म्हणाली, “आता बाकीच्यांचं काय?”

“कोण बाकीचे?”

“सेफानाया काय एकटाच सुवाला गेला होता? आमच्या गावच्या अर्ध्या घरांतली पोरं तिकडे आहेत. त्यांच्या बायका इथे आहेत. तू शनिवारी महिला मंडळाच्या बैठकीला ये. ते तपासायचं सामान घेऊन ये. भरपूर आण.”

२१ जून, शनिवार

वुनिदिलोचं चर्चचं सभागृह भरलं होतं. मला धाकधूक होती: सगळ्यांची तपासणी म्हणजे मेरेचीही आलीच. ती रांगेत उभी राहिली तर अडचण, न राहिली तर कुजबुज. बुबूला हे विचारायची संधीच मिळाली नाही.

प्रार्थना झाली आणि बुबू उठली. आजार आहे, औषध आहे, वेळेवर कळलं तर माणूस म्हातारा होऊन मरतो, लेकरं वाचतात. एवढंच बोलली. मग म्हणाली, “पहिली मी.”

मागून कुणीतरी ओरडलं, “बुबू, तुझं काय तपासायचं? अजून आशा ठेवून आहेस की काय?”

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. बुबूने बाही वर केली. “माझ्यानंतर कुणाला लाजायला कारण उरणार नाही. आणि सामिसोनीच्या बायको, तू दुसरी, कारण सगळ्यात मोठ्याने तूच हसलीस.” मग जाता जाता, जसं काही आत्ताच आठवलं, “मेरेचं गरोदरपणात सगळं तपासून झालंय. ती चहाचं बघेल. मेरे, साखर जास्त घाल, सुईने चक्कर येते या बायकांना.”

मेरे उठून चहाकडे गेली. कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही.

मागच्या खोलीत मी एकेकीला आत घेत होते. बोटाला सुई, रक्ताचा थेंब, वाट पाहणं, निकाल तिथेच, दार लावून. बाहेर भजनं चालू होती, चहा चालू होता, विलिकेसा पोरांना बोट चालवायची नक्कल करून दाखवत होता. बुबूला निकाल सांगितला तर म्हणाली, “मला माहीत होतं. पण बघ, बोटातून रक्त येतंय अजून, या वयात.”

दुपार कलली तेव्हा एका पट्टीवर दोन रेषा उमटल्या.

कोण, ते मी इथेही लिहिणार नाही, बदललेल्या नावानेही नाही. तिच्याजवळ मी पुष्कळ वेळ बसले. पक्कं करायला दुसरी तपासणी लागते, औषध लगेच सुरू करता येतं, तिला माहीत असलेल्या सगळ्या भीती आणि मला माहीत असलेली सगळी उत्तरं. ती म्हणाली, सोमवारी येते, पण एकटी यायचं धैर्य नाही. घरात कुणाला सांगता येणार नाही. मी म्हटलं, बघू. तोंड धुऊन ती बाहेर गेली आणि भजनात जाऊन बसली. त्यानंतर अजून कितीतरी जणी आत आल्या. मी प्रत्येकीला तेवढाच वेळ आत बसवून ठेवलं, म्हणजे कुणाला फरक कळू नये. घसा बसलाय माझा.

सगळं आवरून किनाऱ्यावर आलो. विलिकेसा बोट पाण्यात ढकलत होता. बुबू गुडघाभर पाण्यात माझ्याबरोबर चालत आली, माझी पेटी तिच्या डोक्यावर. पेटी बोटीत ठेवली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी तोंड साधं ठेवायचा पुष्कळ प्रयत्न केला. एवढी वर्षं हेच तर करत आलेय.

तिने विचारलं नाही. कोण, किती, आहे की नाही, काहीच नाही. बोटीची कड तेवढी धरून ठेवली.

मग म्हणाली, “तिला सांग, मी सोबत येईन. दवाखान्यापर्यंत, लबासापर्यंत, जिथे म्हणेल तिथे.”

“बुबू, मी तुम्हाला नाव सांगू शकत नाही.”

“नाव कोण मागतंय? मला न सांगता तिला सांग.”

“आणि मग तुम्ही तिच्यासोबत जाणार कशा?”

“ते तू बघ,” बुबू म्हणाली. “शिकलेली तू आहेस.” आणि तिने बोट जोरात ढकलून दिली.

आता मी ते बघते आहे.

२३ जून, सोमवार

काल परवाच्या त्या पोरीला फोनवर विचारून मी बुबूलाही आजचीच प्रेशरची वेळ दिली होती. सकाळी लिंबाखालच्या बाकड्यावर दोघी बसल्या होत्या. बुबू त्या पोरीला विचारत होती, “तूही प्रेशरसाठी आलीस का गं?” पोरीने मान हलवली. “मीही,” बुबू म्हणाली, आणि तिच्याजवळ सरकून बसली.